गेटवर बारा, मांडवात अठरा

काशीने उभ्या जन्मात बंदर पाहिलं नव्हतं. ते तिला दाखवलं शहापूरजवळच्या एका रिसॉर्टने. धरणाच्या पाण्याकाठी कुणा हौशी मालकाने अख्खं बंदरच उभं केलं होतं. खोल्या होड्यांच्या आकाराच्या, भिंतींवर जाळी आणि वल्ही टांगलेली, दारात सिमेंटचं दीपगृह. नोकरांच्या अंगात निळ्या पट्ट्यांचे खलाशी सदरे होते, पण सदऱ्याआतली पोरं सापगावची, भाताच्या खाचरात वाढलेली. पलीकडे पाण्याच्या घसरगुंड्यांचं पार्क होतं आणि त्याच्याही पलीकडे आकाशपाळण्यांचं. मुंबईची माणसं इथे दोन दिवस मजा करायला येतात.

काशीच्या घरचे मजेला आले नव्हते. हॉल वाढदिवसासाठी म्हणून घेतला होता, तेही खरं नव्हतं. काशीच्या लेकीचा, दिपिकाचा वाढदिवस श्रावणात येतो आणि हा तर माघ चालला होता. उद्या सकाळी त्या हॉलमध्ये दिपिकाचं लग्न लागायचं होतं. दिपिका पंधरा वर्षांची होती.

ही शक्कल काशीच्या थोरल्या दिराची, कमळूची. गेल्या वर्षी टोकावड्याजवळच्या एका पाड्यात असंच लग्न उभं राहिलं, तेव्हा अंगणवाडीच्या बाईंनी कळवलं आणि ऐन मांडवात पोलिसांची जीप आली. तेव्हापासून कमळूने धडा घेतला. लोकांनी त्यातून घ्यायला हवा होता तो नव्हे, दुसराच. गावात मांडवच घालायचा नाही, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. स्थळ कसाऱ्याकडचं होतं. मुलगा साईनाथ सत्तावीस वर्षांचा, रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला. आणि एवढी घाई कशासाठी, तर दिपिका एसटीच्या थांब्यावर वर्गातल्या एका मुलाशी बोलताना कुणालातरी दिसली होती. बोलणं कसलं, प्रयोगवहीचं. पण पोरीचं नाव खराब व्हायच्या आत उजवून टाकावी, असं कमळूने ठरवलं, आणि काशीचा नवरा काळूराम थोरल्या भावापुढे मान खाली घालून बसला. बायकोला विचारायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही.

दिपिकाला सांगितलं होतं की नुसता साखरपुडा आहे. शाळा सुटणार नाही, नववी काय, दहावीही होईल. अक्षतांची पिशवी काशीच्याच बॅगेत तळाशी होती, आणि पोरीच्या तोंडाकडे बघायचं काशी कालपासून टाळत होती.

होडीच्या आकाराच्या पलंगावर साईनाथची आई देवकी हिरव्या बांगड्या घेऊन बसली. "हात दे गो," म्हणाली. दिपिकाने हात पुढे केला. बांगड्या सहज आत गेल्या, आणि हात खाली सोडला तशा सगळ्या गळून फरशीवर पडल्या. दोन फुटल्या. दिपिकाला हसू आलं.

"ऱ्हाऊदे, वर्षभरात भरंल अंगानं," देवकी म्हणाली. "एक पोर झालं का मनगाट आपोआप भरतं."

काशी खाली वाकून काचा वेचत होती, तिचा हात थांबला. ती स्वतः चौदाव्या वर्षी सासरी आली होती. पंधराव्या वर्षी तिला मुलगा झाला, मुरबाडच्या दवाखान्यात पोचायच्या आत, जीपच्या मागच्या बाकावर. तो दिवस मावळेपर्यंतही जगला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी दिपिका झाली. पहिल्या मुलाचा विषय घरात कुणी काढत नसे, आणि काढू नये हे काशीला न सांगता समजलं होतं.

दुपारी सगळी वरात पाण्याच्या पार्ककडे निघाली. कमळूच म्हणाला, पोरांना खेळू द्या, एवढं आलोय तर. गेटपाशी भिंतीवर रंगीत माशाचं चित्र होतं आणि त्याच्या शेपटीला उंचीची खूण. खुणेच्या खाली भरणाऱ्याला लहान मुलाचं तिकीट. दिपिका खुणेच्या दोन बोटं वर भरली.

"गुडघ्यात वाक गो जरा," कमळू हळूच म्हणाला.

दिपिका वाकली. तिला त्यातही गंमत वाटली. खिडकीतल्या मुलीने वय विचारलं.

"बारा," कमळू म्हणाला, अगदी सहज. "सातवीला हाय. उंच दिसते, घराणंच आमचं उंच."

काशीने ते ऐकलं. काळूरामनेही ऐकलं आणि तो पायातल्या चपलेकडे बघू लागला. दिपिका तोवर आत पळाली होती. काशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली आणि पोरीला बघत राहिली. घसरगुंडीवरून दिपिका आली की पाण्यात बुडायची, नाकातोंडात पाणी घेऊन वर यायची आणि पुन्हा जिन्याकडे धावायची. एकदा लांबून ओरडली, "आई, मला बघतेस ना?" काशीने हात हलवला. तिला रडू आलं, आणि स्वतःचा संतापही आला. अक्षता बॅगेत आपण बांधल्या, मग रडायचं कोणाच्या नावाने?

परतल्यावर हॉलमध्ये चहा झाला. पुरुष खुर्च्यांवर, बायका भिंतीशी, दिपिका दाराशी केस पुसत. उद्याची व्यवस्था ठरवायला गुरुजी शहापुरातून आले होते. पिशवीतून पंचांग काढत त्यांनी विचारलं, "मुलीचं वय पूर्ण आहे ना? मला मागाहून लचांड नको."

"पूर्ण, गुरुजी," कमळू म्हणाला. "मागच्याच महिन्यात अठरा झाली."

काशी उभी राहिली. अशा बैठकीत ती कधी बोलली नव्हती, त्यामुळे ती चहाचे कप उचलायला उठली असंच सगळ्यांना वाटलं.

"भावजी, दुपारी गेटवर बारा सांगितलंत," ती म्हणाली. "चहा होईस्तोवर अठरा कशी झाली?"

कमळू हसायला गेला. "ती तिकिटाची गोष्ट झाली. तू खाली बस."

"नाय बसत. बारा पण नाय आणि अठरा पण नाय. माझी पोर पंधराची हाय. गुरुजी, तुमी विचारलंत म्हणून सांगते."

"काळूराम, बायकोला आवर," देवकी म्हणाली. "आमच्या घराची शोभा करायला बोलावलंत का इथं?"

"शोभा नाय, बाई," काशी म्हणाली. "सकाळी तुमी म्हणालात, पोर झालं का मनगाट भरतं. मी पंधराची होते तवा मला पोर झालं. मनगाट नाय भरलं. पोर गेलं, मी जीपमधी रगतात पडलेली. दिपिकाला त्या जीपमधी मी नाय बसवणार. अक्षता माझ्याकडं हायेत, त्या मी देत नाय."

गुरुजींनी पंचांग पिशवीत घातलं. "मला हे जमणार नाही," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. साईनाथ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, त्याने ते वर केलंच नाही.

कमळू भावावर उखडला. "काळ्या, गप काय बसलास? सांग हिला. उद्या पोरीला विचारील का कुणी?"

काळूरामने आयुष्यभर भावाला नाही म्हटलं नव्हतं, ते आता जिभेवर येत नव्हतं.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "ती सांगते तसंच झालं. जीपमधी मी होतो. मला परत नाय बघवणार."

एवढं झाल्यावर पुढे बोलण्यासारखं उरलं नाही. कमळूने गाडी द्यायचं नाकारलं, म्हणून तिघं सामान घेऊन फाट्यापर्यंत चालत आली आणि मुरबाडच्या एसटीची वाट बघत थांबली. ऊन उतरलं होतं. दिपिकाचे केस अजून ओले होते. ती बॅगेवर बसलेल्या आईपासून चार हात लांब, पाठ करून उभी होती. तिला बरंच काही एकदम कळलं होतं: साखरपुडा नव्हता, लग्न होतं, आणि आईला ते आधीपासून ठाऊक होतं.

"सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस," ती म्हणाली. "आणि मला खोटं सांगितलंस. काकांनी सांगितलं ते सांगितलं, तू पण."

"हो," काशी म्हणाली. "मी पण."

पोरीला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही. एक ट्रक धूळ उडवत गेला. धूळ खाली बसली तशी दिपिका वळली आणि बॅगेवर आईच्या शेजारी येऊन बसली.

"त्या बाळाचं नाव काय ठेवलं होतंस?"

काळूराम जरा पुढे जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"नाय ठेवलं," काशी म्हणाली. "मला वाटलं, मोठी माणसं ठेवतील. मी पण पोरच होते गो."