न गुरगुरणारं यंत्र

“बंद पडलं!” भोंगा ओरडला आणि खटका खाली ओढून मोकळा झाला.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खताच्या कारखान्यात, कानठळ्या बसवणाऱ्या कॉम्प्रेसरशेजारी त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. घरी मीठ मागितलं तरी ते गल्लीला कळायचं. कारखान्यात खतासाठीचा अमोनिया व्हायचा तो भट्टीच्या धगीत, प्रचंड दाबाखाली. आवाज थांबला की काहीतरी बिघडलं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. आणि मुलीने शेतकरी संस्थेच्या शेडमध्ये बसवलेलं हे कपाटाएवढं यंत्र म्हणे हवा, पाणी आणि छतावरच्या उन्हाची वीज घेऊन गुपचूप अमोनिया करणार! त्याला यंत्राजवळ बसवून ती संस्थेच्या अध्यक्षांना आणायला गेली होती. आज त्यांची खात्री पटली तर यंत्र राहणार, नाहीतर पोरीची सगळी मेहनत पाण्यात.

ती अध्यक्षांना घेऊन आली, खटका पाहिला आणि धावत जाऊन तो वर ढकलला.

“बाबा, चालू होतं ते!”

“अगं, साधं गुरगुरतसुद्धा नव्हतं!”

“गुरगुरत नाही म्हणून तर एवढ्याशा विजेवर भागतं ना! आता लयीत यायला तास जाईल.”

अध्यक्ष घड्याळ पाहू लागले. भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या अन्नात आपल्याच हाताने माती कालवली.

“चूक माझी आहे, साहेब. यंत्राची नाही. तेवढं थांबा.”

“सगळ्या शिवाराने ऐकलं,” अध्यक्ष म्हणाले. “बसतो.”

तासाभराने मुलीने यंत्रातला अमोनिया ज्या पाण्यात उतरत होता, त्या कॅनचं झाकण काढलं. भोंग्याने वाकून नाक लावलं. काही नाही. त्याचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत अमोनियाने त्याचं नाकच मारून टाकलं होतं, पण हे तो कधी कबूल करत नसे.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

“शी! तुमच्या कामावरच्या शर्टाचा वास!”

अध्यक्षही खोकत मागे सरले. मुलीच्या हातातली चाचणीची पट्टी निळी झाली होती. डोळे पुसत ते म्हणाले, “राहू दे, पोरी, यंत्र.”

मुलगी त्यांना पोचवायला गेली. भोंगा यंत्राला तळहात टेकवून बसला. ना धग, ना थरथर. त्याला फार बरं वाटलं.

“कसा असतो गं तो वास?” त्याने विचारलं, इतक्या हळू, की बायकोला जन्मात पहिल्यांदा कान त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागला.