चावल्याची वेळ

नऊ चाळीस. नऊ पंचेचाळीस. नऊ चाळीस. नऊ चाळीस.

मोटरीच्या पेटीला वाहिलेला झेंडूचा हार, वाळून काळा पडलेला.

एका पोटरीवर पंजाएवढी नवी कातडी. रंग बाकीच्या पायापेक्षा वेगळा, तांबूस.

संभाजीनगरच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं, "साप काय घड्याळ लावून चावतात का?" सगळे हसले. अक्षता हसली नाही.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांच्या घरी तिने त्यांचा अर्ज मांडीवर पालथा ठेवला आणि विचारलं, "काका, साप चावला तेव्हा किती वाजले होते?"

"नऊ चाळीस," काकासाहेब म्हणाले.

उत्तर फार लवकर आलं. अक्षताने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. पढवलेली माणसं तिने पाहिली होती. ती अशीच उत्तर देतात, प्रश्न संपायच्या आत.

सर्पदंशावरचं औषध दवाखान्यात पोचण्याआधी, अँब्युलन्समध्येच दिलं तर जास्त माणसं वाचतात का, याचा अभ्यास दीड वर्ष चालू होता. अट एकच होती. चावल्यापासून तीन तासांच्या आत. त्याहून उशीर झालेल्या रुग्णाला नेहमीसारखं दवाखान्यात न्यायचं, औषध तिथेच मिळायचं. केदारखेड्याच्या बाजूचे अकरा अर्ज अँब्युलन्सवरच्या डॉक्टर संघपालने भरले होते, आणि त्यातल्या आठांवर चावल्याची वेळ जवळपास एकच होती. अर्ज बनावट निघाले तर संघपालची नोकरी जाणार होती आणि इथल्या अँब्युलन्समधून औषध काढून घेतलं जाणार होतं. खरंखोटं ठरवायला अक्षताला पाठवलं होतं.

"घड्याळ पाहिलं होतं का तुम्ही?"

"घड्याळ कुठलं? लाइट आल्ती ना! साडेनऊला लाइट येती. मोटर चालू केली अन् चालत मिरचीच्या त्या टोकाला गेलो. धा मिनटं. तितंच बसला होता बाप माझा."

"बाप म्हणता अन् पाय देता व्हय त्याच्यावर?" काकासाहेबांची बायको चतुराबाई चुलीकडून म्हणाली.

अक्षताला हसू आलं. ती आणखी दोन घरी गेली. साळूबाईच्या अंगठ्याला चावलं होतं, लाइट आल्यावर. राधेश्यामच्या घोट्याला, लाइट आल्यावर. दिवसपाळीची लाइट आली की अख्खं शिवार एकदम ओलं होतं आणि अख्खं गाव एकदम अनवाणी सरीत उतरतं. अक्षता मंठ्याची. तिच्या घरीसुद्धा अंघोळी आणि भांडणं लाइटीच्या वेळेवर ठरायची. हे आपल्याला ऑफिसातच कसं सुचलं नाही, म्हणून ती थोडी ओशाळली.

फाट्यावर संघपाल अँब्युलन्सला टेकून शेंगा फोडत उभा होता.

"काय मॅडम, पास का नापास?"

"पेपर तपासून राह्यले अजून."

"तपासा, तपासा. आमच्याकडचे साप बी ऑफिसच्या टायमालाच कामावर येतात." तो हसला. मग टरफलं झटकत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "काकासाहेबाकडं गेल्त्या का?"

आठ माणसं होती. त्याने एकाचंच नाव घेतलं.

अक्षता घरी जायला निघाली होती, ती विजेच्या उपकेंद्राकडे वळली. तिथल्या ऑपरेटरने, रामकिसनने, कुरकुरत नोंदवही पुढे सरकवली. "आमचा बी अभ्यास चालू केला का आता?" तिने अर्जांवरची एकेक तारीख बोट ठेवून वहीशी जुळवून पाहिली. सात तारखांना लाइट साडेनऊला आली होती. सतरा जूनला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बिघाड झाला होता आणि लाइट दुपारी एक वीसला आली होती.

सतरा जून काकासाहेबांचा दिवस. त्यांच्यासाठी अँब्युलन्सला आलेल्या फोनची नोंद दहा पन्नासची होती.

ती परत आली तेव्हा चतुराबाई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. काकासाहेब आत झोपले होते.

"मावशी, त्या दिवशी लाइट आलीच न्हवती."

चतुराबाईचा हात थांबला.

"दुपारी आली. वही पाहून आले मी. खरं सांगा, कधी चावला?"

"उजाडताना," चतुराबाई हळू म्हणाली. "हे परसाकडं गेल्ते."

"मंग पावणेअकरापर्यंत काय करून राह्यले होते तुम्ही?"

चतुराबाईने दाराकडे पाहिलं. अक्षताने थोडी वाट पाहिली. पण असल्या मधल्या तासांचा अर्थ तिला पाठ होता. तिने वाचलेल्या प्रत्येक अहवालात त्यावर एक परिच्छेद असायचा.

"आधी मांत्रिकाकडं नेलं होतं ना?"

चतुराबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तसं लिव्हलं तर डाक्टरचं काय व्हईल?"

"त्यांना काय होणार? तुम्ही त्यांना खोटी वेळ सांगितली, त्यांनी ती लिहिली. त्यांचा दोष न्हाई."

"अन् गाडीतलं औषध?"

"ते राहील."

चतुराबाईने एक देठ खुडला, मिरची टोपल्यात टाकली.

"मंग लिव्हा. नेलं होतं. चार घंटे पारावर बसवून ठिवलं. अडाणी माणसं आम्ही."

"कोणता मांत्रिक?"

"मेला तो."

"कधी?"

"लिव्हा ना बाई, मेला म्हणून."

अक्षताला हायसं वाटलं. आता सगळं जुळत होतं. तिने लिहिलं: दहा अर्ज खरे. अर्ज क्रमांक सातमध्ये कुटुंबाने उपचाराला झालेला उशीर लपवला. रुग्ण अभ्यासातून वगळावा. डॉक्टर निर्दोष.

जबाबाचा कागद पुढे करून तिने शाईचं पॅड उघडलं. चतुराबाईने पॅड बाजूला सारलं, तिखटाची बोटं पदराला पुसली, पेन मागून घेतला आणि संपूर्ण नाव लिहिलं. गोल, सरळ रेषेतलं, शाळेत शाबासकी मिळालेलं अक्षर. अक्षता त्या अक्षराकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिने कागदाची घडी घातली.

सतरा जूनला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चतुराबाईने अँब्युलन्सच्या नंबरवर नाही, थेट संघपालच्या मोबाईलवर फोन केला होता, तेव्हा तो धावड्याच्या एका अडलेल्या बाईला घेऊन जालन्याच्या रस्त्याला होता, आणि म्हणाला होता, "काकांना हलवू नका, मी येतोच."