दम घेणारा सूर

“पुन्हा टक वाजलं,” कवडूकाका म्हणाले.

मलाही ऐकू आलं होतं. कीबोर्डवर मी बोट दाबून धरलं होतं, त्यातून काकांचाच ‘आ’ निघत होता, आणि दर तीन सेकंदांनी जोडावर टक! डोकं उठलं होतं नुसतं.

काका हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि आमच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं झीलकरी. पुढचा गायक चरण संपवून थांबला की मागे सूर धरून ठेवायचा, एवढंच काम. कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्यांचं नाव कधी छापलं नाही, त्यांच्यापुढे कधी माइक आला नाही. रुईच्या धुळीनं छाती खाल्ली. आता चार सेकंद सूर धरला की खोकला.

“सुरभी, दत्तजयंतीले कवडूले खाली बसू दे,” मंडळाचे प्रमुख भैय्याजी मला म्हणाले होते. “मोबाइलवरचा तानपुरा लावू.”

खाली म्हणजे श्रोत्यांत. असा संताप आला मला! म्हटलं, “माह्या कीबोर्डात आवाज भरता येते. काकाचाच भरतो. थे आपल्या जागीच बसतीन.”

बोलून बसले आणि अडकले. मी शाळेतली कारकून, दाखले लिहिणारी; मंडळात कीबोर्ड वाजवते तेवढंच. पण हट्टाला पेटले की माझं मीही ऐकत नाही. सुराची सुरुवात सोडायची, मधला तुकडा घ्यायचा आणि त्याचं शेपूट त्याच्याच डोक्याला जोडायचं, म्हणजे बोट दाबलेलं असेतो सूर चालूच. सांगायला सोपं. काकांचा सूर मात्र शेवटाला किंचित उतरायचा. उतरलेलं टोक चढ्या टोकाला भिडलं की टक. नऊ वेळा आवाज भरला. दर वेळी काका बिचारे ओट्यावर बसून खोकायचे आणि परत आत यायचे. “घे अजून येक,” म्हणायचे.

रविवारी दुपारी सुचलं. तुकडा पुढे वाजवला आणि तसाच उलटा मागे आणला. जिथे उतरला तिथूनच सूर परत चढला. जोड कुठे आहे ते मलाच कळेना. बोट दाबलं. दहा सेकंद, वीस, पूर्ण मिनिट!

“जमलं, काका!” मी ओरडलेच.

काकांनी कान कीबोर्डजवळ आणला. मग म्हणाले, “हा दम कुठी घेते वं?”

“घेतच नाई. थेच तं पायजे होतं ना?”

“मंग थो मी नाई.”

अस्सा राग आला! “सहा दिवस मरून राह्यली मी, अन् आता तुमी नाट लावता?”

“दम न घेता मी कवाच गायलो नाई, पोरी.” ते शांतच होते. “मदात मदात बोट उचलत जाय. तेवढं मी सांभाळतो.”

“अन् खोकला आला तं?”

“तं बोट ठेवजो.”

दत्तजयंतीला दुपारी मांडव भरला. काका आपल्या जागी, भैय्याजींच्या मागे. चरण संपला की मी बोट दाबायची, थोड्या वेळानं उचलायची. त्या फटीत काकांचा खरा सूर शिरायचा. बारीक, थरथरता. दोन सेकंद धरून मला परत द्यायचे. एकदाच त्यांना उबळ आली. मी बोट ठेवलं. कुणाला काही कळलं नाही.

शेवटचं भजन तेवढं उरलं होतं. भैय्याजी मागे वळून म्हणाले, “मशीन झकास हाय. मदात मदात सूर थरथरते, तेवढं काढून टाकजो.”

“थे मशीनमंदी नाई, भैय्याजी. थे काका हायेत.”

भैय्याजींनी काकांकडे पाहिलं. मग उठले, स्वतःपुढचा माइक उचलला आणि काकांपुढे आणून ठेवला.

काकांनी तो हातानं बाजूला सारला. “खोकला आयकू जाईन लोकाइले.”

“जाऊ दे,” म्हणत भैय्याजींनी माइक परत सरळ केला.

मी बोट कीबोर्डवर ठेवलं नाही. काकांनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला आणि दम घेतला. तो साऱ्या मांडवाला ऐकू गेला.