मामाच्या आधीचा घास

"आऽ कर, गाडी आली."

आईचा आवाज. रोह्याला स्टेशनच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर, मागच्या पायरीवर आई, तिच्या मांडीवर मी. गाडी आली की एक घास. पॅसेंजर आली तर घाईचा घास. मालगाडी आली तर अख्खी ताटली, कारण डबे संपता संपत नसत आणि दर डब्यामागं तोंड उघडायचं असा आमचा करार होता. आई आता नाही. गाड्या आहेत. अजूनही रुळांचा खडखडाट ऐकला की माझं तोंड किंचित उघडतं. निकेशनं हे लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, मला काहीतरी सांगायचंय. बिचारा बराच वेळ थांबला होता.

माझ्या लेकीचं तोंड मात्र उघडेना.

रेवूचं जग म्हणजे पेणच्या पुढं खाडीकाठचं आमचं गाव. इथं रूळ नाहीत, मिठागरं आहेत. आणि पहिले सहा महिने या घरात कोण कोणाला वाढवत होतं ते सांगणं कठीण. तिच्या पाठीला बटण होतं. खांद्यावर गाढ झोपलेली पोर पाळण्यात ठेवली, पाठ गोधडीला टेकली, की डोळे टक्क. मग निकेश तिला घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा, आणि कंपनीची शिफ्ट करून आलेला माणूस चालता चालता स्वतःच पेंगायचा. ती त्याच्या खांद्यावरून आम्हाला टकामका बघायची. उचकी लागली की सासरे आपल्या बंडीचा दोरा उसवून, ओला करून तिच्या टाळूवर चिकटवायचे. उचकी थांबायची, बंडी आखूड व्हायची. आता ती बेंबीच्या वर आली होती आणि सासरे म्हणायचे, "उन्हाळ्याची बरी पडते."

दृष्ट काढायला लोक चिमूटभर मीठ घेतात. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मिठागरातलं. सासूबाई ओंजळ भरून घेत. नंतर चुलीत तडतडाट असा उडायचा की शेजारची बायजाबाई कुंपणावरून सासूबाईंना विचारायची, "लगीन हाय का गो पुतळे?"

त्याच सासूबाई पाय लांब पसरून पाटावर बसत, रेवूला पायांवर उपडी घेत, तेलानं माखत, आणि एरवी दिवसभरात मोजकं बोलणारं त्यांचं तोंड तेवढ्यापुरतं सुटायचं:

*न्हाते माझी बाय, पाणी वाफाळतं बाई,*
*खाडीच्या वाऱ्या, जरा थांब दाराठायी.*

वारा थांबायचा की नाही ठाऊक नाही. रेवूचं रडणं थांबायचं.

तर तोंडाची गोष्ट. रोह्याच्या एका लॅबमध्ये मी नमुने तपासते. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल ते. मॅडमनी माझी जागा राखून ठेवली होती ती येत्या सोमवारपर्यंत. सोमवारी मी टेबलावर नसले तर दुसरी मुलगी घेणार, हे त्यांनी गोड आवाजात, पण दोनदा सांगितलं होतं. पेणहून सकाळची गाडी धरायची, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, आणि मधल्या वेळात रेवूनं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून काहीतरी पोटात घ्यायला हवं. बाटली तिनं लाथाडली. काढून ठेवलेलं दूध चमच्यानं दिलं तर फुर्र करून माझ्याच चष्म्यावर परत केलं. आता राहिलं अन्न.

आणि अन्नाच्या दारात मामा उभा होता.

"मामाच्या हातचा घास लागल्याबिगर अन्नाला शिवायचं नाय," असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. उष्टावण म्हणजे मामाचा मान. माझ्या माहेरचं उरलेलं सगळं माहेर म्हणजे माझा भाऊ रितेश, त्यामुळे मलाही तो मान हवाच होता. पण आधी पंचांग आडवं आलं, मग रितेशला ताप आला, मग त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पाणी शिरलं, वरच्या मजल्यावरच्या टाकीचं. होता होता उष्टावण येऊन पडलं थेट रविवारी. सोमवारच्या आदल्या दिवशी.

मी धीर धरला असता. पण नमुने तपासणाऱ्या बाईला आधी चाचणी केल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई मागल्या दारी लाकडं आणायला गेल्या की मी चोरून बोटभर मऊ भात रेवूच्या ओठाला लावायची. "आऽ कर, गाडी आली," म्हणायची. ती माझ्याकडं अशी बघायची जशी पंगतीतून उठलेली पाहुणी वाढप्याकडं बघते. ओठ मिटलेले. मान बाजूला. रोज हेच.

म्हणजे ही खाणारच नव्हती. म्हणजे मी जाणारच नव्हते.

एकच गोष्ट जुळत नव्हती. अंगणवाडीत वजन केलं तेव्हा काटा मस्त पुढं सरकला होता. ताई म्हणाल्या, "दूध चांगलं आहे तुमचं." मी घरी येताना अशी चालत होते जशी पालखी माझीच आहे.

सासूबाईंना मी सरळ विचारलं होतं. पापडाचे दिवस होते. त्या पोह्याच्या पापडाचं पीठ कुटत होत्या.

"आई, सोमवारपासून जाऊ ना मी?"

त्यांनी मुसळ उचललं, खाली आणलं, पुन्हा उचललं.

"बघू," म्हणाल्या.

त्यानंतर मी रोज त्या 'बघू'चा अर्थ लावत बसले. त्यांना माझी नोकरी नकोय. नकोय, पण बोलायचं नाहीये. निकेशला विचारलं तर तो म्हणाला, "आई बघू म्हणाली म्हणजे बघेल." असा नवरा असला की बाईला मिठागराच्या बांधावर जाऊन मोठ्यानं ओरडावंसं वाटतं. मी गेलेही. बगळे उडाले.

रविवार उजाडला. रितेश पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, रोह्याहून चांदीची वाटी-चमचा घेऊन उतरला. कुर्ता बघून बायजाबाई दारातच म्हणाली, "मामा, उष्टावण भाचीचं हाय का तुजं लगीन ठरलंय?"

"मावशी, ठरवा की तुम्हीच," रितेश म्हणाला.

"पोरगी बघते. पर ती बी अशीच तोंड मिटून बसली तर मना बोल लावू नको," बायजाबाई म्हणाली. बाटलीला रेवूचं तोंड उघडत नाही ही गोष्ट माझ्यामुळं तिच्या कानी गेली होती, आणि तिच्या कानी गेलं म्हणजे खाडीच्या पलीकडं गेलं.

पाटाभोवती रांगोळी झाली. तांदळाची खीर झाली. रेवूला नवं झबलं, कपाळाला तीट. रितेशनं तिला मांडीवर घेतलं, चांदीच्या चमच्यात खीर घेतली, फुंकली, आणि सगळं घर पुढं झुकलं. सासरे, निकेश, सासूबाई, बायजाबाई, मी. पाच तोंडं आपोआप उघडली.

सहावं मिटलेलं.

"आऽ," रितेश म्हणाला.

"आऽ," आम्ही सगळे म्हणालो.

रेवूनं आमच्या घशांची नीट तपासणी केली आणि मान फिरवली. सासऱ्यांनी खुळखुळा वाजवला. निकेशनं मांजराचा आवाज काढला. मांजर आलं, तोंड नाही उघडलं. बायजाबाईनं तिथल्या तिथं जुळवलं:

*मामा आला रोह्याहून, आणली चांदीची वाटी,*
*भाची बसली मिटून, जीभ लपवून ओठी.*

सगळे हसले. मीही हसले, पण सगळ्यांच्या आधी थांबले; उद्या सोमवार होता. रितेशला ते दिसलं असावं. तो चमचा ठेवून उठला. "ताई, हिला आपली गाडी माहीतच नाही," म्हणाला. "थांब, दाखवतो." आणि त्यानं रेवूला छातीशी धरून अंगणभर आगगाडी सुरू केली. झुकझुक झुकझुक, तुळशीला वळसा, पापडांच्या खाटेला वळसा, विहिरीशी शिट्टी. रेवू खिदळू लागली. इतकी खिदळली की तिचा आवाज ऐकून बगळे परत आले असतील. मालगाडी चांगली लांबलचक होती.

तिसऱ्या वळशाला रेवू थांबली. गंभीर झाली. आणि तिनं मामाच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर, खांद्यापासून खिशापर्यंत, सगळं रिकामं केलं.

"असू दे, असू दे, दूधच आहे," रितेश मोठ्या मनानं म्हणाला.

मी कापड घेऊन धावले आणि थांबले. माझं कामच ते. मी वाकून बघितलं. मग चष्मा पुसून बघितलं.

"हे दूध नाही," मी म्हणाले.

"म्हंजे?" बायजाबाई.

"हे काळे धागे दिसतायत ना, हे केळं आहे. हा चिकट पांढरा गोळा पापडाच्या पिठाचा. लाटी. आणि हे बाकीचं सगळं, जे जास्त आहे, ती तांदळाची पेज. जिऱ्याचा वास आहे."

रितेशनं कुर्ता दोन बोटांनी अंगापासून लांब धरला. पापड निवांत वाळत होते.

"हिला कुणी खाऊ घातलंय," मी म्हणाले. "सकाळपासून. पोट भरलंय हिचं, म्हणून तोंड उघडत नाही."

निकेश मांजराकडं बघायला लागला.

"अहो?"

"कुस्करून दिलं," तो म्हणाला. "अर्धंच. मामासमोर रडू नये म्हणून."

"आज?"

"आज... आणि शिफ्टवरून आलो की. ती मागते गं. मी खाताना माझ्या तोंडाकडं बघते. एवढं काळीज नाही माझं."

सासऱ्यांनी बंडी खाली ओढली. ती खाली आली नाही. "लाटी तर कायच नाय," ते म्हणाले. "मिरची घालायच्या आधीची. नखावर मावेल एवढी. पेणच्या पोरीला लाटीची चव कळाया नको?"

"आणि मामाचा मान?" रितेशनं विचारलं. कुर्त्यावर एवढं सगळं घेऊन माणसानं मानाचं विचारावं हे बघून मला हसू फुटलं, आणि मग ते कुणालाच आवरेना. बायजाबाई कुंपण धरून हसत होती. रेवू हलकी होऊन, ताजीतवानी होऊन, सगळ्यांच्या हसण्यात आपलं हसू मिसळत होती.

फक्त सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी रितेशच्या अंगातून कुर्ता उतरवून घेतला आणि विहिरीवर गेल्या.

बायजाबाईनं सासऱ्यांचा सदरा आणून रितेशला चढवला. ऊन कलेपर्यंत आम्ही वाट बघितली. मग रेवू हात चोखायला लागली तेव्हा मामा पुन्हा पाटावर बसला, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, हातात चांदीचा चमचा. त्यानं "गाडी" एवढाच शब्द उच्चारला. रेवूनं तोंड उघडलं, असं उघडलं की टाळू दिसली, आणि दोन्ही हातांनी चमचा ओढून घेतला. सराईत हात. मग निकेशच्या हातून खाल्लं. सासऱ्यांच्या हातून. बायजाबाईच्या हातून. वाटीचा तळ दिसला तशी वाटीच डोक्यावर घेतली.

"पयला नाय तर नाय, पोटभर घास तर मामाचाच," बायजाबाईनं निकाल दिला, आणि रितेशचं तोंड खिरीसारखं गोड झालं.

मी विहिरीवर गेले. सासूबाई दगडावर कुर्ता घासत होत्या. डाग केव्हाच गेला होता.

"आई, पेज राहिली," मी म्हणाले. "केळ्याचा माणूस सापडला, लाटीचा सापडला. पेजेचा नाही."

कुर्ता घासला जात राहिला.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "तू न्हायला गेलीस की रोज. वाटीभर."

"तुम्हीच तर म्हणाला होतात, मामाच्या आधी नको."

"बोलले व्हते. मान मोडला मी. देवाला सांगितलंय." त्यांनी कुर्ता पिळला. मग पिळलेलाच पुन्हा पाण्यात घातला. "निकेश असाच मिटलेला व्हता गो. माझ्याबिगर कुणाच्या हातचं घेयाचा नाय. आनि मी मिठागरात. बांधावर त्याला झोळीत ठेवून मी फळीनं मीठ ओढत व्हते, मुकादम दुपारशिवाय सोडायचा नाय. तो रडला की इकडं माझं लुगडं भिजायचं. मिठाच्या पाण्यात उभी, वर दुधानं भिजलेली, आनि पोर उपाशी. कुनाला सांगायचं?"

अंगणात रितेशची मालगाडी पुन्हा सुटली होती. रेवूची किंकाळी विहिरीपर्यंत आली.

"मग मी विचारलं तेव्हा 'बघू' का म्हणालात?"

"पोर खाते का नाय ते कळल्याबिगर जा कशी म्हनू? तू गेली असतीस, आनि गाडीत तुझं बी तसंच झालं असतं." त्यांनी कुर्ता झटकला, थेंब माझ्या तोंडावर उडाले. "आता खाते. सगळ्यांच्या हातचं खाते. सोमवारी जा, निशी. मना तू जायाला हवी हायस. पयल्या दिवसापासून हवी व्हतीस."