पायविहिरीवरची खोली

गावात नळयोजना मंजूर झाली तेव्हा ग्रामपंचायतीत सगळ्यात आधी हात वर केला तो वच्छलाबाईंनी. पंचायतीत त्या एकट्याच बाई. अर्धा जन्म डोक्यावर घागर घेऊन गेलेला. नळाचं मोल त्यांना कुणी सांगायला नको होतं.

वर्ध्याजवळच्या आंजीच्या पलीकडचं हे गाव. गावाबाहेर भोसल्यांच्या काळातली पायविहीर. काळ्या दगडाची कमान, तिच्यावर कोरलेले मोर, आत उतरत गेलेल्या रुंद पायऱ्या आणि खाली पाण्याजवळच्या कोनाड्यात साती आसरा, पाण्याच्या देवी. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की इथंच येऊन पाण्याची पूजा करायची.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात वच्छलाबाई शेतातून परतत होत्या, तर विहिरीकडून घणाचे आवाज आले. जाऊन पाहतात तो कमानीचा वरचा भाग उतरवलेला. मोर मातीत पडलेले, एकाची मान तुटलेली. पायऱ्यांच्या तोंडाशी सिमेंटच्या खांबांसाठी सळाखी उभ्या. सरपंच रूपराव सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

"हे काय करून राह्यले बाप्पा?"

"पंपाची खोली होते इथं, वच्छलाबाई. वरून स्लॅब."

"बाजूले एवढी मोकळी जागा हाये पंचायतीची. तिथं काऊन नाई?"

"तिथं पाया खोदा लागते. इथं आयता भेटला. जुना दगड, हलाचा नाई."

"म्हंजे ज्यायनं बांधली, त्यायच्या छातीवर खोली ठेवता?"

"गाव पुढं जाऊन राह्यलं. तुमी मांगं वढू नका."

वच्छलाबाई त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मांगं? नळासाठी पह्यला हात माहा होता, रूपरावजी! नळ पाह्यजे म्हनून इहीर मारा लागते काय?"

दोन दिवसांनी जीपमधून इंजिनियर आला. वच्छलाबाईंचं बोलणं ऐकून हसत म्हणाला, "बाई, जुन्याला नव्याची जोड मिळाली की शोभाच वाढते."

"मंग नव्यानं जुन्याले दिसू तं द्याव," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी एक पायरी तरी उतरून पाह्यली काय?"

तो घड्याळ पाहत जीपमध्ये बसला. मीटिंगमध्ये त्यांनी पुन्हा विषय काढला, तर सगळे सदस्य चहाच्या कपात पाहत बसले. घरी डोमाजी म्हणाले, "सोड आता. पानी तं येते ना." वच्छलाबाईंनी नवऱ्यापुढं ताट आदळलं आणि उठून गेल्या.

खोली झाली. आकाशी रंगाची, लोखंडी शटरची, कुलूपबंद. घरोघरी पाणी आलं. वच्छलाबाईंनीही नळाखाली घागर धरली. पाणी आल्याचा आनंद खरा होता, पण पोटातली आग काही त्या पाण्यानं विझली नाही.

मग त्यांची पुतणी शकुबाई बाळंत झाली. बायका तिला ओटीचं सामान घेऊन विहिरीवर घेऊन आल्या, तर शटरला कुलूप. किल्लीवाला वर्ध्याला गेलेला. कुणीतरी म्हणालं, इथंच कुंकू लावू अन् जाऊ. एका बाईनं शटरला हळद लावलीसुद्धा.

"शटरची पूजा करता काय वं?" वच्छलाबाई कडाडल्या. बांधकामातून उरलेली सळाख पडली होती, ती उचलून त्यांनी कुलपावर घातली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं.

आत काळोख. ग्रीसचा वास. कंदील आणून बायका खाली उतरल्या, तर आसरांच्या कोनाड्यात सिमेंटची रिकामी पोती कोंबलेली. एकेकीनं पोतं उचललं, पायऱ्या चढून बाहेर फेकलं, मग पूजा झाली.

तोवर रूपराव धावत आले. "सरकारी कुलूप फोडलं! रिपोट देतो मी!"

"द्या न," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोलिसाले मीच खाली नेतो. आसराईच्या अंगावर कोनं पोते टाकले, तेही लिवू द्या त्याले."

पोतं हातात घेऊन शकुबाईची सासू पुढं आली. तिच्या मागं बाकीच्या. रूपरावांनी बायकांकडे पाहिलं आणि ते आल्या पावली निघून गेले.

रिपोर्ट झाला नाही. पुढच्याच आठवड्यात पायऱ्यांकडचं शटर काढलं गेलं, पंपापुरती जाळी लागली. खोली मात्र हलली नाही, आणि नव्या पंचायतीत वच्छलाबाईंना कुणी घेतलं नाही. तालुक्याचे साहेब आले की रूपराव त्यांना अभिमानानं ती खोली दाखवायचे. एकदा वच्छलाबाई तिथंच होत्या.

"पानी देल्लं, ते बेस केलं," त्या साहेबाच्या तोंडावर म्हणाल्या. "हे वाईट केलं जी. लय वाईट केलं."

साहेब हसले, रूपरावही हसले. वच्छलाबाई हसल्या नाहीत.