मशेरी लागत न्हाय

सोनीला आठवा महिना लागला आणि तिच्या हिरड्या शिवशिवू लागल्या. हाताला येईल ते तोंडात. आईचं मंगळसूत्र, गोधडीचं टोक, बापाचा अंगठा, एकदा तर दारात निजलेल्या मांजरीची शेपटी. लाळ अशी गळायची की काशी दिवसाला चार झबली बदलायची, आणि पाचवं नव्हतं म्हणून थांबायची. पोर रडू लागली की तिला खांद्यावर टाकून पडवीत येरझाऱ्या घालायची. पण काशीला धास्ती होती ती त्या रडण्याची नव्हे. चुलीपाशी बसलेली तिची सासू ठकुबाई रोज एकदा तरी म्हणायची, "दात येताहेत गो पोरीला. येऊ दे सोमवार. आजीचं बोट फिरवते."

आजीचं बोट म्हणजे मशेरीचं बोट.

ठकुबाईची मशेरी सगळ्या खारबाव गावात नावाजलेली. भिवंडीच्या बाजारातल्या चाचाकडून काळी तंबाखू आणायची, जुन्या तव्यावर कोळसा होईपर्यंत भाजायची, तळहातावर चुरायची आणि फडक्यातून गाळून पत्र्याच्या डबीत भरायची. ती भाजायला बसली की शेजारची गुणाबाई तिकडे शिंकायची आणि तशीच शिंकत शिंकत वाटी घेऊन इकडे यायची. सकाळी बोटभर मशेरी दातांना घासली म्हणजे ठकुबाईचे डोळे उघडत, पोट साफ होई आणि जीभ सुटे. त्याआधी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. आणि घरची रीत अशी, की दात यायला लागलेल्या लेकराच्या हिरड्यांवर मशेरीचं पहिलं बोट आजीनं फिरवायचं. काशीच्या नवऱ्याला, अनंताला, त्याच्या आजीनं फिरवलं होतं. त्याच्या बहिणीला, हौसाला, तसंच. "एक बोट फिरवलं की पोर गपगार झोपते," ठकुबाई म्हणायची.

काशीला नेमकं ते गपगार नको होतं.

सोनी पोटात असताना काशीची दाढ किडली होती. अनंता कापडाच्या लूमवर कामाला; एक शिफ्ट बुडवून त्यानं तिला भिवंडीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दाढ काढली, जागेवर कापूस दाबला आणि अर्धा तास तोंड मिटून बसायला सांगितलं. मग, समोर एक बाई अर्धा तास बोलू शकत नाही हे बघून त्यांना हुरूप आला असावा. बाळ झालं की काय करायचं ते सगळं त्यांनी तिला सांगून टाकलं. दूध पाजल्यावर हिरड्या ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसायच्या. झोपताना तोंडात गुळाची, साखरेची पुरचुंडी द्यायची नाही. आणि मशेरी तर बिलकूल नाही. "तंबाखू हिरडीतून रक्तात जाते, बाई. पोर झोपतं म्हणतात ना, ती झोप नव्हे, गुंगी असते." काशीनं मान हलवली होती. कापूस नसता तरी तिनं मानच हलवली असती.

हे सगळं तिनं धीर करून सासूला सांगितलं. ठकुबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या डॉक्टराला दात किती हायत?"

"मी मोजले न्हाईत, आत्याबाय."

"माझे बत्तीस हायत. त्याला सांग, मोजून घे म्हणावं."

अनंताला सांगितलं, तर तो म्हणाला, "काशे, लूमसमोर तू म्हणशील तितका उभा ऱ्हातो. आईसमोर ह्या बाबतीत मला उभा नको करू."

म्हणजे आता काशीचं काशीलाच बघायला हवं होतं. रविवारी ठकुबाई वालाच्या शेंगा तोडायला शेतावर गेली, तशी काशीनं सोनीला पाठीशी बांधलं आणि डबी उघडली. आतली मशेरी तिनं उकिरड्यात नेऊन पुरली. मग मूठ-दोन मूठ भाताचं तूस त्याच जुन्या तव्यावर काळं होईपर्यंत भाजलं, चुरलं, गाळलं आणि डबीत भरलं. डबी मुद्दाम धुतली नाही, वास राहावा म्हणून. रंग तोच, वास तोच, बारीकपणाही तोच. फक्त तंबाखू तेवढी नव्हती.

सोमवारी ठकुबाईनं नातीला मांडीवर घेतलं, देवाचं नाव घेतलं आणि बोट फिरवलं. सोनीनं असं तोंड केलं की जणू कुणी तिला शिवी दिली. मग अर्धा तास रडून, दमून, ती आपली आपण झोपली.

"बघ!" ठकुबाई म्हणाली. "आणि तुझा डॉक्टर म्हणे!"

काशीनं पोरीला आत नेलं, ओल्या फडक्यानं इवल्या हिरड्यांवरची राख पुसली आणि त्या काळ्या झालेल्या ओठांचा मुका घेतला.

इथवर सगळं बेतानं झालं. पण डबी एकच होती. त्याच डबीतलं बोट ठकुबाई स्वतःलाही लावत होती.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आज काय लागत न्हाय गो." दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा लावली. तिसऱ्या दिवशी पाच वेळा. तोंड तव्याच्या बुडासारखं झालं, तरी डोक्याचा ठणका उतरेना. सकाळी लोटा घेऊन गेली ती ऊन डोक्यावर आल्यावर परतली, तीही कपाळाला आठ्या घालून. कोंबडीवर ओरडली. अनंतावर ओरडली. मग ओरडायचीही थांबली आणि पडवीत भिंतीला टेकून बसली. तेव्हा मात्र काशी घाबरली.

"काशे," ठकुबाई हलक्या आवाजात म्हणाली, "माझी आय गेली ना, त्याच्या आधी आठ दिवस तिला मशेरी लागत नव्हती. म्हणायची, ठकू, तोंडाला चव न्हाय. नवव्या दिवशी खलास."

"असं काय बोलता, आत्याबाय!"

"माझा आज तिसरा." तिनं बोटं मोजली. "पुढला सोमवार तरी गाठीन. माझ्या पाटल्या हौसाला दे. हिरवं लुगडं तू ठेव, तुला शोभतं. सोनीचे दात बघायचे नशिबात न्हाईत माझ्या."

हिरवं लुगडं! लग्न झाल्यापासून काशीची त्या लुगड्यावर नजर होती, आणि आता ते असं मिळणार म्हटल्यावर तिला ते नकोसं झालं. सांगून टाकावं का? सांगितलं तर उद्याच्या उद्या नवी तंबाखू येणार, तव्यावर चढणार आणि तेच बोट सोनीच्या तोंडात जाणार. न सांगावं, तर सासू अंथरूण धरून बसणार. काशी रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी गुणाबाई वाटी घेऊन आली. तिचंही तोंड काळं आणि उतरलेलं.

"ठकू, माझं काय खरं न्हाय बघ. सोमवारी नेली तुझी मशेरी, तीन दिवस लावते, पण लागतच न्हाय. डोकं असं उठलंय!"

ठकुबाई भिंत सोडून ताठ बसली. "तुला पण?"

"मला पण."

"मग आपण दोघी एकदम मरणार काय?"

"मी न्हाय मरत," गुणाबाई ठणकावून म्हणाली. "माझी मळणी ऱ्हायलीय."

"मग मीपण न्हाय मरत!" ठकुबाई उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "तंबाखूच खोटी! त्या चाच्यानं फसवलं मला! काशे, पोरीला घे. भिवंडीला जायचं."

बसमध्ये ठकुबाईनं डबी छातीशी धरली होती, कोर्टात पुरावा न्यावा तशी. काशीनं पोरीला छातीशी धरलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" तर ठकुबाई म्हणाली, "चाच्याच्या उरावर."

तंबाखूवाला चाचा म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. ठकुबाई त्याचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यानं लांबूनच हात वर केला. "आओ मौसी, खैरियत?"

"कसली खैरियत? मरता मरता आले हाय मी! हे काय दिलंस मला?" तिनं डबी फळीवर आपटली. "बुढ्ढी बाईला फसवतो? दाढी पांढरी झाली तुझी!"

शेजारचे दोन दुकानदार उठून बाहेर आले. चाचानं डबी उघडली, चिमूट घेतली, हुंगली. जिभेच्या टोकाला लावली. थुंकली. परत लावली. मग काशीकडे एक नजर टाकून तो ठकुबाईला म्हणाला, "मौसी, ये मशेरी नहीं है. ये तो राख है. भाताच्या तुसाची राख. हमारे यहाँ बर्तन घिसते हैं इससे."

ठकुबाई डबीकडे बघत होती. मग तिनं चाचाकडे बघितलं. मग सुनेकडे.

"मी केलं," काशी म्हणाली. तिचा आवाज सोनीच्या टोपड्याआडून आला, कारण तिनं तोंड तिथं लपवलं होतं. "तंबाखू उकिरड्यात पुरली मी. पोरीच्या तोंडात नको म्हणून. तुम्हाला तरास व्हावा असं नव्हतं मनात, आत्याबाय. पण डबी एकच व्हती."

"म्हणजे मी मरत नव्हते?"

"न्हाय."

"म्हणजे चार दिवस मी राख खाल्ली?"

"व्हय."

"आणि गुणीनं पण?" इथे ठकुबाईच्या ओठांचं एक टोक जरासं हललं, पण तिनं ते लगेच जागेवर आणलं. "सून हायस का कोण हायस गो! सासूला राख चारली! आता बघ, आत्ताच्या आत्ता पावशेर घेते आणि आज संध्याकाळी पोरीला..."

"एक मिनिट, मौसी," चाचा म्हणाला. त्याचा तराजू हातातच होता, आणि खरं तर त्याचं नुकसानच व्हायचं होतं, पण त्याला राहवलं नाही. "बच्ची को भी वही राख लगाया ना?"

"लावली ना! रोज!"

"तो सोई के नहीं?"

"झोपली तर! कशी गपगार..." ठकुबाई बोलता बोलता थांबली.

तिनं सोनीकडे पाहिलं. सोनी तराजूच्या दोरीकडे हात पसरून लाळ गाळत होती. बत्तीस दात असलेली बाई एखादी गोष्ट चावून बघते आणि ती चावत नाही, तसं काहीसं ठकुबाईच्या चेहऱ्यावर होतं.

"राखेनं झोपली," ती शेवटी म्हणाली.

"रडून झोपली, आत्याबाय. दमून."

"मला शिकवू नको. चल. कुठं हाय तो तुझा डॉक्टर? विचारू त्याला, चूक कोणाची."

दवाखान्यात बाकावर गाल सुजलेला एक माणूस बसला होता. ठकुबाई त्याला ओलांडून थेट आत गेली. "डॉक्टर, हिनं पोरीच्या तोंडात राख घातली. मी मशेरी घालणार व्हते. बरोबर कोण?"

डॉक्टरांनी काशीकडे पाहिलं. "राख? बाई, मी राख सांगितली होती?"

"न्हाय," काशी म्हणाली.

"राखेनं कोवळ्या हिरड्या खरवडतात. नाकातोंडात गेली तर पोर ठसकेल. फडकं सांगितलं होतं, ओलं फडकं! दोघीही चूक."

ठकुबाईचा चेहरा एकदम उजळला. "बोला, अजून बोला तिला थोडं."

"आता तुम्हाला बोलतो. आ करा."

बॅटरी आत गेली. डॉक्टरांनी गालाच्या आतली बाजू उलटवून बघितली आणि आरसा तिच्या हातात दिला. गालफडाच्या आत, मशेरीचं बोट रोज टेकतं तिथं, एक पांढरा चट्टा होता. दुधाच्या सायीसारखा. "हा वाढू द्यायचा नाही, आजी. मशेरी सोडा. पंधरा दिवसांनी मला परत दाखवा."

"सोडायची कशी? चार दिवस राखेवर काढले तर मरायला टेकले मी."

"पण मेला नाहीत ना?"

ठकुबाईनं आरसा परत दिला. जरा वेळानं म्हणाली, "माझं मी बघते. म्हातारीचं मोडायला वेळ लागतो. पण पोरीचं काय? आजीचं बोट फिरवायची रीत हाय आमच्यात. ती मी मोडू देणार न्हाय."

काशीनं पोरीला आणखी जवळ धरलं.

"मग फिरवा की," डॉक्टर म्हणाले. "फडकं गुंडाळून."

त्यांनी पांढऱ्या मलमलीचा एक तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवला. ठकुबाईला साबण दिला. तिनं हात कोपरापर्यंत धुतले, मग नखं धुतली, मग डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही धुता काय असे?" आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत बोटाला फडकं गुंडाळून झालं होतं. बाहेरच्या बाकावरचा माणूस कण्हला.

"थांब रे," ठकुबाई आतूनच म्हणाली, "नातीचं चाललंय."

तिनं सोनीला मांडीवर घेतलं आणि बोट तोंडात घातलं. सोनीनं ते गपकन धरलं आणि चावू लागली. डावीकडून चावलं, उजवीकडून चावलं, मध्येच थांबून आजीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा चावलं. रडली नाही. झोपलीही नाही. डोळे टक्क उघडे.

"झोपत न्हाय गो ही."

"न्हाय, आत्याबाय. जागी हाय."

"माझ्याकडंच बघते," ठकुबाई म्हणाली. तिची तंबाखू विकत घ्यायची राहून गेली होती, डोकं अजून ठणकत होतं, बाहेर तो माणूस दुसऱ्यांदा कण्हत होता. तरी तिनं बोट काढलं नाही.