रविवारी बाहेर येईल

पाळकसाहेबांच्या घरात काही म्हणजे काही वाया जात नसे. साबणाच्या झिजलेल्या चिपा एकमेकींना चिकटून नवी वडी व्हायची, शिळ्या पावाचं दुसऱ्या दिवशी काहीतरी गोडधोड व्हायचं, आणि घरात घडलेल्या गोष्टीचा रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दाखला व्हायचा.

धाकट्या ढब्बूने बिस्किटांच्या बरणीत हात घातला, मूठ भरली आणि मूठ सोडायची तयारी नसल्यामुळे हात आतच अडकवून घेतला, तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं त्याने. पाळकसाहेब मात्र बरणीकडे बघत उभे. डोळ्यांत चमक.

"साहेब, आधी पोराचा हात काढा," बायको म्हणाली. "लोभावरचा उपदेश मागाहून करा."

हात निघाला. उपदेशही झाला. आणि खरं सांगायचं तर फार सुरेख झाला.

पाळकसाहेबांचा त्यात ढोंगीपणा नव्हता. देव मोठमोठ्या शब्दांतून कमी आणि मोरीतल्या भांड्यांतून जास्त बोलतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. मंडळीलाही ते आवडायचं. व्यासपीठावरून ते "परवा आमच्या घरी" एवढं म्हणाले, की बाकं करकरायची. पेंगणारे सरळ बसायचे. पहिल्या बाकावरच्या आजी, ज्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि ज्यांच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता, त्या आपला चांगला कान पुढे करायच्या. उपासना संपल्यावर दारात त्यांचा हात धरून म्हणायच्या, "आज मीठ अगदी बेताचं पडलं हो, साहेब!"

घरच्यांचं काय? बायकोने एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि पाळकसाहेबांनी तो मुकाट्याने पिऊन सहनशीलतेवर दाखला दिला होता. बायको औषधांच्या दुकानात काम करायची. पुढे महिनाभर गिऱ्हाइकं गोळ्या घेताना विचारत होती, "बाई, बाटली बदलली नाही ना?" ती हसण्यावारी न्यायची. घरी आल्यावर मात्र म्हणायची, "तुमची सहनशीलता आणि माझी फजिती."

मग बटणाचा रविवार आला.

थोरली मुलगी भिंगरी. पाय जमिनीवर ठरायचे नाहीत, जीभ टाळूला लागायची नाही, म्हणून भिंगरी. नऊ वर्षांची घोडी झाली तरी झोप लागेपर्यंत बाबांच्या शर्टाचं वरचं बटण मुठीत धरून ठेवायची. बाबा हळूच उठायला गेले, की बटण ताणलं जाऊन हिला जाग यायची. पाळकसाहेब व्यासपीठावर म्हणाले, "श्रद्धा म्हणजे दुसरं काय? अंधारात बापाचं बटण धरून ठेवणं." अर्ध्या मंडळीने डोळे पुसले. पाळकसाहेबांचा स्वतःचाही आवाज भरून आला.

भिंगरीने खाली बघितलं होतं. ते त्यांना दिसलं नाही.

दुपारपर्यंत रविवारच्या शाळेतल्या पोरांनी तिचं बारसं करून टाकलं. "ए बटण! बटण, इकडे ये! बटण, तुटशील हां!"

त्या रात्रीपासून तिने बटण धरलं नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली.

सकाळी बायको लवकर दुकानात जायची, म्हणून भिंगरीच्या वेण्या घालायचं काम बाबांकडे होतं. दोन वेण्या, त्यातली एक नेहमी वर आणि एक खाली. पण हे काम पाळकसाहेबांना जिवापाड आवडायचं, कारण केस विंचरून घेताना भिंगरीच्या तोंडाचा नळ चालू असायचा. शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यात काय होतं, मुंग्यांना गुडघे असतात का. त्यांचे निम्मे उपदेश त्या कंगव्यातूनच निघालेले. आता मात्र नळ कोरडा. "दुखतंय का?" "नाही." "शाळेत काय झालं काल?" "काही नाही." कंगवा केसांतून फिरायचा आणि तेवढाच आवाज व्हायचा.

"मोठी होतेय," त्यांनी स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी संध्याकाळी ते मोरीत ढब्बूचा चिखलाने माखलेला सदरा घासत होते. पलीकडे स्वयंपाकघरात मायलेकी. मधल्या खिडकीची काच कधीचीच फुटलेली होती, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं.

"आई, तुला एक सांगायचंय. नको, जाऊ दे."

"अगं बोल की."

"तू बाबाला सांगशील. मग ते रविवारी बाहेर येईल."

"नाही सांगत. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर देवाला सांग. झोपताना प्रार्थना करतेस ना, तेव्हा."

"हल्ली नाही करत. नुसते डोळे मिटते." भिंगरीचा आवाज बारीक झाला. "देव बाबाला सगळं सांगतो. बाबाच म्हणतो ना तिथे उभा राहून, देवाने मला आज हा संदेश दिला. आणि मग आपल्या घरचंच सांगतो."

पाळकसाहेबांच्या हातातला सदरा तसाच राहिला. साबणाचा फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

लेक आपल्याशी बोलेनाशी झाली, हे दुःख होतंच. ते पचवता आलं असतं. पण लोकांना देवाच्या दाराशी नेऊन सोडायचं ज्याचं काम, त्यानेच आपल्या पोरीच्या तोंडावर ते दार लावून घेतलं होतं. वर कडी घालून.

दुसऱ्या दिवशी कंगवा हातात घेऊन ते म्हणाले, "भिंगरे, माझं चुकलं. बटणाचं सांगायला नको होतं."

"हं."

"पुन्हा नाही सांगणार तुझं काही."

"आईच्या चहाच्या वेळी पण असंच म्हणाला होतास. मग बरणीचं सांगितलंस."

"ते ढब्बूचं होतं."

"ढब्बूला बोलता येत नाही नीट, म्हणून. नाहीतर तो पण रागावला असता."

त्यांनी एक वेणी संपवली. "आणि देव मला तुझं काही सांगत नाही गं. शपथेवर सांगतो."

"मग तुला कसं कळतं?"

"मी तुमच्याकडूनच ऐकतो. बघतो. आणि मग…"

"आणि मग देवाचं नाव सांगतोस?"

कंगवा केसांत अडकला. भिंगरी "आई गं" म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

शनिवारी सकाळी मात्र नळाला अचानक पाणी आलं. वेणी निम्म्यावर असताना भिंगरी स्वतःहून म्हणाली, "बाबा, माझा दात पडला ना परवा, तो मी काय केला माहितीये? दाराजवळच्या कुंडीत पेरला."

"पेरला?"

"पहिल्या बाकावरच्या आजींसाठी. त्यांना बिस्किट चावता येत नाही, बुडवून खातात. दाताचं झाड आलं की सगळे दात त्यांनाच देणार. रोज पाणी घालते मी."

पाळकसाहेबांना काय करू आणि काय नको असं झालं. लेक बोलली! त्यांनी तिच्या डोक्यावर ओठ टेकवले. आणि पुढच्याच क्षणी, त्यांची इच्छा नसताना, डोक्यात चक्र फिरायला लागलं. परवा आमच्या घरी एक बी पेरलं गेलं… विश्वास, प्रीती, आशा, तिन्ही एका कुंडीत! असा दाखला शोधायला माणसाने जन्म घालवला तरी मिळणार नाही.

नेमका त्या आठवड्याचा उपदेश अडला होता. दिवसभर टेबलाशी बसून त्यांनी जे काही लिहिलं, ते वाळलेल्या पावासारखं होतं. चावलं तर दाढ दुखेल. कुंडी खिडकीतून दिसत होती.

संध्याकाळी ते भांडी घासायला उभे राहिले. बायको पुसत होती.

"डोळ्यांत चमक आलीय तुमच्या," ती म्हणाली. "मी ओळखते ती चमक. कुणाचा बळी आहे उद्या?"

"कुठे काय." मग राहवेना. "समज, एखादी गोष्ट इतकी चांगली असेल, की ऐकून शंभर माणसांचं भलं होईल…"

"आणि एकीचं वाईट?"

"वाईट कशाला? कौतुकच आहे तिचं त्यात."

बायकोने पुसलेली बशी खाली ठेवली. "आमच्या दुकानात माणसं येतात. आधी इकडेतिकडे बघतात, मग हळूच सांगतात काय हवं ते. मी औषध काढते, कागदी पिशवीत घालते आणि पिशवीचं तोंड दुमडते. ती दुमड घातली ना, की त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं मला. औषध तर अजून पोटात गेलेलंही नसतं." ती हसली. "तुम्ही आपले पिशवी उघडून बाजारभर फिरवता. घ्या, ही कढई राहिली."

कढई बराच वेळ घासली गेली. तिला एवढी चकाकी लग्नानंतर प्रथमच आली असेल.

रविवारी देऊळ भरलेलं होतं. पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. कोरडा उपदेश सुरू झाला आणि थोड्याच वेळात मागच्या बाकावर एक डोकं छातीवर कललं. आणखी एक कललं. आजींचा चांगला कान अजून पुढे होता, बिचारा वाट बघत. आणि मग सवयीने घात केला. तोंडातून निघून गेलं:

"परवा आमच्या घरी…"

बाकं करकरली. डोकी वर आली.

पाळकसाहेबांची नजर भिंगरीवर गेली. ती घाबरलेली नव्हती. रागावलेलीही नव्हती. तराजूचा काटा कुठे थांबतो ते बघावं, तशी ती त्यांच्याकडे एकटक बघत होती. शेजारी बायकोने डोळे मिटून घेतले होते.

"परवा आमच्या घरी," ते पुन्हा म्हणाले, आणि थांबले. "एक गोष्ट घडली. फार चांगली गोष्ट आहे. पण ती माझी नाही. म्हणून मी ती सांगणार नाही."

कुणीतरी खोकलं.

"आणि दुसरं. मी इथे उभा राहून म्हणत आलो, की देवाने मला हा संदेश दिला. त्यातला बराचसा माल मी बायकोमुलांकडून न विचारता उचललेला आहे." कुणीतरी फिस्सकन हसलं, ती बहुधा बायकोच असावी. "तुम्ही देवाला जे सांगता, ते तो माझ्या कानावर घालत नाही. कुणाच्याच घालत नाही. सांगितलेलं त्याच्यापाशीच राहतं. मला हे फार पूर्वी कळायला हवं होतं. काल भांडी घासताना कळलं."

त्यांनी समोरचे कागद मिटले. "तर, आपण प्रार्थना करू," ते म्हणाले. इतका आखूड उपदेश त्या मंडळीने जन्मात ऐकला नव्हता. शेवटच्या गीताला बाजाची पेटी वाजवणारे गृहस्थ चष्माच शोधत राहिले.

दारात आजींनी नेहमीप्रमाणे हात धरला. "आज अळणी होतं हो, साहेब."

"होतं खरं, आजी."

आजींनी हात सोडला नाही. जवळ सरकून त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारू? तो खरंच कुणाला सांगत नाही?"

"नाही, आजी."

"तुम्हालासुद्धा नाही?"

"मला तर मुळीच नाही."

आजींनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग काठी फिरवून त्या परत आत गेल्या आणि रिकाम्या देवळात आपल्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. पाळकसाहेबांनी दार अलगद ओढून घेतलं. बसायचं तेवढा वेळ बसू देत.

बाहेर पायरीवर भिंगरी उभी होती. एक वेणी वर, एक खाली.

"बाबा, दाताचं खोटं होतं."

"काय?"

"दात माझ्या कंपासपेटीत आहे. मी काय बाळ आहे का दात पेरायला? तू सांगतोस का ते बघायचं होतं."

पाळकसाहेब पायरीवर मटकन बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या कुंडीने त्यांना अख्खा शनिवार छळलं होतं. "म्हणजे परीक्षा होती तर! झालो का पास?"

"काठावर," भिंगरी गंभीरपणे म्हणाली. "'परवा आमच्या घरी' म्हणालास ना, त्याचे मार्क कापले."

"बरोबर आहे."

ती थोडी घुटमळली. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. आईकडे बघितलं; आई ढब्बूच्या चपला शोधण्यात गुंतली होती, किंवा तसं दाखवत होती.

"खरं सांगायचं होतं ते वेगळंच आहे. गुरुवारपासून आहे. देवाला मी आत्ता सांगितलं, प्रार्थनेत. आता तुला सांगते. वाक खाली."

ते वाकले. तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण मुठीत घट्ट धरलं, त्यांना आणखी खाली ओढलं, आणि कानाला तोंड लावून सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मधे एकदा त्यांनी मान हलवली. एकदा "हो का?" म्हणाले. एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहिला.

घरी जाताना बायकोने हळूच विचारलं, "काय म्हणाली हो?"

पाळकसाहेबांनी कागदी पिशवीचं तोंड दुमडावं तशी बोटांनी हवेतच एक घडी घातली आणि चालत राहिले. पुढे भिंगरी गरगर फिरत, ढब्बूला फिरवत निघाली होती, आणि तिच्या तोंडाचा नळ सगळ्या रस्त्याला ऐकू येत होता.

तिने कानात काय सांगितलं? ते इथेही येणार नाही.